कोकणवासीय मंडळ, मासिक मेळावा

नळाखाली रुमाल भिजवून मी फळ्यापाशी आले, इकडेतिकडे बघितलं आणि माझं नाव पुसायला हात वर केला. तेवढ्यात मागून आवाज आला, "जरा सरकता का, बाई? एक ओळ लिहायचीय मला."

मी दचकून रुमाल पाठीमागे लपवला. एक उंच, वाळकेसे वयस्क गृहस्थ सायकल भिंतीला टेकवून हातात खडू घेऊन उभे होते. ते माझ्याकडे बघतही नव्हते. फळ्यावर मोकळी जागा कुठे आहे, तेवढंच बघत होते.

तो फळा विद्यापीठाच्या ग्रंथालयासमोर होता. वर पांढऱ्या रंगानं कायमचं 'आगामी कार्यक्रम' असं रंगवलेलं आणि खाली ज्याला जे लिहायचं ते त्यानं लिहावं. व्याख्यानं, चर्चासत्रं, निरोप समारंभ, हळदीकुंकू, रक्तदान. मराठवाड्यातल्या त्या विद्यापीठात संशोधनाला येऊन मला तीन-चार महिने झाले होते, आणि तेवढ्या दिवसांत माझ्याइतका तो फळा कुणीच वाचला नसेल. मी प्रत्येक कार्यक्रमाला जायची. करप्रणालीवरचं व्याख्यान ऐकलं, धरणाच्या पायाचं ऐकलं, उर्दू गझलेचं तर दोनदा ऐकलं. कळायचं काहीच नाही. पण तिथे शेजारच्या खुर्चीत माणूस असायचं, आणि शेवटी चहा देताना कुणीतरी "घ्या ना" म्हणायचं. कित्येक दिवस तेवढेच दोन शब्द माझ्या वाट्याला यायचे.

याला मीच कारणीभूत होते असंही म्हणता येईल. माझं गाव आचऱ्याच्या खाडीकाठचं. मी आयुष्यात पहिल्यांदा घाट चढून आले ती थेट इथे, कारण खाऱ्या जमिनीत वाढणाऱ्या झाडांवर काम करणाऱ्या बिडवेमॅडम इथे होत्या. पहिल्याच आठवड्यात प्रयोगशाळेत माझी ओळख करून द्यायला मी उभी राहिले. चार वाक्यं बोलले असेन, तर अनंत जाधव नावाच्या एका सीनियरनं निरागस चेहऱ्यानं विचारलं, "मॅडम, या नेहमीच गाऊन बोलतात का?" सगळे हसले. मॅडमही हसल्या. वाईट हेतू कुणाचाच नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण त्या दिवसापासून माझ्या तोंडाला कुलूपच बसलं. बोलायचं तर आधी मनात वाक्य तपासायचं, हेल काढून टाकायचे, मग बोलायचं. तोवर समोरचा निघून गेलेला असायचा.

आणि आता फळ्यावर माझंच नाव होतं. नव्या विद्यार्थ्यानं बुधवारच्या सभेत सगळ्या विभागासमोर बोलायचं, असा तिथला रिवाज होता. मी ठरवून टाकलं होतं, सोमवारच्या सकाळच्या एस.टी.नं घरी जायचं आणि परत यायचं नाही. बॅग भरून तयार होती. जाण्याआधी नाव तेवढं पुसून टाकावं, म्हणजे बुधवारी कुणी येऊन रिकाम्या व्यासपीठाकडे बघत बसणार नाही, एवढाच माझा विचार होता.

गृहस्थांनी माझ्या नावाच्या अगदी खाली, सुरेख अक्षरांत लिहिलं: 'कोकणवासीय मंडळ. मासिक मेळावा. उद्या रविवार, सायंकाळी पाच. देगावकर यांचे घर, प्राध्यापक कॉलनी, मागच्या फाटकाजवळ. सर्वांनी यावे.'

मी ते दोनदा वाचलं. या कोरड्या माळावर कोकणवासीयांचं मंडळ?

"हेमलता धुरी म्हणजे तुम्हीच का?" त्यांनी हात झटकत विचारलं.

"हो."

"धुरी म्हणजे मालवणाकडच्या."

"तुम्हाला कसं कळलं?"

"कळतं की." ते पहिल्यांदाच हसले. "मग उद्या या. याच. लई माणसं येतेत."

सायकलवर टांग मारून ते गेले. मी पुन्हा रुमाल काढला. पण त्यांनी इतकं चिकटून लिहिलं होतं की माझं नाव पुसलं असतं तर पाण्याचे ओघळ खाली येऊन त्यांची ओळही गेली असती. मी रुमाल पिळून खिशात ठेवला आणि हॉस्टेलवर आले.

दुसऱ्या दिवशी मी गेले. खोटं कशाला सांगू, मी नाचतच गेले. जाण्याआधी एकदा पोटभर आपलं बोलणं ऐकून घेऊ, एवढीच हाव होती. वाटेत मनातल्या मनात मालवणी वाक्यं जुळवत होते. कोण असतील? बँकेतले असतील, पोस्टातले असतील. एखादी मावशी असेल, ती विचारील, "तू खयची गो?"

देगावकर सरांचं घर बैठं, पुढे पारिजातक. बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरलेली, भिंतीला लागून घडीच्या खुर्च्यांची रांग, टेबलावर ताटल्यांची आणि पेल्यांची चळत. कालचे गृहस्थ, म्हणजेच देगावकर सर, सोडले तर माणूस एकही नव्हतं.

"बसा की, बाई, बसा. येतेत सगळे. आपले लोक उशिराच येतेत."

मी खुर्चीवर टेकले. ते समोर बसले, लगेच उठले, फाटकापर्यंत जाऊन आले, पुन्हा बसले.

"कॉलनीत कळलंय ना सगळ्यांना?" मी विचारलं.

"फळ्यावर लिहिलंय की, या वेळी पहिल्यांदाच."

बाहेर एक स्कूटर आली. ते ताडकन उठले. स्कूटर पुढच्या घरी गेली. त्यांनी पारिजातकाची एक वाळकी फांदी मोडली, जणू त्यासाठीच उठले होते, आणि आत येऊन म्हणाले, "तोवर सोलकढी घ्या. मी केलीय."

त्यांनी पेला भरून दिला. रंग विटकरी, वर मोहरीची फोडणी आणि तिखटाचा तवंग. पहिल्या घोटाला माझ्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आमसुलं होती, नाही असं नाही. पण नारळाच्या दुधाच्या जागी त्या भल्या माणसानं शेंगदाण्याचा कूट घालून ती रटरटून उकळली होती.

"कशी झालीय?"

"छान आहे."

"खरं बोला, बाई."

"सर, आमटी म्हणून छान आहे."

ते मोकळेपणी हसले, मग पेल्याकडे बघत म्हणाले, "नारळाचं काय करायचं असतं ते विचारायचं राहूनच गेलं बगा."

"सर, तुम्ही कोकणातले नाही?"

"मी? मी बालाघाटाच्या डोंगरातला. समुद्र पाहिला तो लग्नात. मंडळ शालनचं होतं. आमच्या बाईसाहेबांचं. परुळ्याची होती ती." त्यांनी ताटल्यांची चळत उगाच सरळ केली. "ती होती तोवर महिन्याच्या या रविवारी हे घर नुसतं भरायचं. गलका म्हणजे विचारू नका. भूगोलाचे पेपर तपासायला बसायचो मी आतल्या खोलीत."

"आणि आता?"

"कुणाच्या बदल्या झाल्या, कुणी रिटायर होऊन गावाकडं गेले. दोन घरं राहिली होती, ते यायचे. हात बांधून बसायचे माझ्यासमोर. 'सर, तब्येत कशी आहे, सर, स्वयंपाकाचं काय करता.' शुद्ध बोलायचे अगदी. मग ते पण यायचे थांबले."

सहा वाजत आले. कुणी येणार नव्हतं, हे आता आम्हा दोघांनाही कळलं होतं, पण पहिल्यांदा ते बोलायचं कुणी? तेवढ्या खुर्च्यांच्या मध्ये आम्ही दोघं बसून राहिलो. त्या वेळी मला त्यांची कीव आली नाही, रागच आला. मी भुकेल्यासारखी धावत आले होते, आणि इथे माझ्या बोलीतला एक शब्द माझ्या कानावर पडणार नव्हता.

"मी निघते, सर," मी उठले.

"निघता?" त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला. त्यांनी चारी बाजूंना बघितलं आणि कोपऱ्यातल्या फोनवर त्यांची नजर थांबली. "घरी बोललात का एवढ्यात?"

"नाही. आमच्या घरी फोन नाही. शेजारच्या दुकानात आहे."

"मग लावा की! रविवार आहे, असतील सगळे. आईला बोलवून घ्या. सावकाश बोला, घाई करू नका. मी बसतो आत." माझ्या उत्तराची वाट न बघता ते आतल्या खोलीत गेले. दार मात्र पुरतं लावलं नाही, ओढून घेतलं तेवढंच.

तेव्हा मोबाईल नव्हते. मी नंबर फिरवला, बाबल्याच्या दुकानातून कुणीतरी आमच्या घराकडे हाक मारली, आणि बऱ्याच वेळानं धापा टाकत आई आली.

"हॅलो, आई, मी हेमा बोलतेय. कशी आहेस तू?"

"कोण?" आई घाबरली. "हेमा? अगो, अशी काय बोलतंस? बरां नाय काय तुका? बाजूक कोण आसा?"

मी दाराकडे बघितलं. आतून काहीच आवाज नव्हता. काय झालं कोण जाणे, तोंडाला बसलेलं कुलूप एकदम निघालं.

"कोण नाय गो आये. बरी आसंय मी. एका सरांच्या घराकडसून बोलतंय."

"जेवलंस?"

"सोलकढी जेवलंय."

"थय सोलकढी? कोणी केल्यान?"

"सरांनीच केल्यानी. शेंगदाण्याचो कूट घालून."

"शेंगदाण्याचो?" आई अशी हसली की दुकानातले लोकही "काय झाला, काय झाला" विचारायला लागले. तिनं त्यांना सांगितलं, ते हसले, त्यांचं ऐकून मी हसले. कित्येक महिन्यांत माझं हसणं मीच ऐकलं नव्हतं. मग आईनं सगळ्या वाडीच्या गजाली सांगितल्या. काकीचं आणि आत्याचं पुन्हा वाजलं होतं, म्हशीला पारडी झाली होती, बाबल्यानं दुकानात येईल त्याला सांगितलं होतं की आमच्या हेमाचं तिकडे मोठ्या लोकांसमोर भाषण आहे. मी "काय सांगतंस!" आणि "मगे?" करत खुर्चीवर पाय वर घेऊन बसले. परक्या घरात आहे हे विसरूनच गेले होते.

शेवटी म्हटलं, "आये, माका हय करमत नाय. मी उद्या येतंय."

आईनं विचारलं, "आणि ता बुधवारचा भाषण?"

"माका नाय करूचा ता."

मला वाटलं होतं ती समजूत घालील, ओरडेल. ती एवढंच म्हणाली, "बरां. ये मगे. घर काय खय पळान जाता? बापाशीक सांगतंय, स्टँडार येतलो. रडा नको."

मी रडत होते हे तिला तिकडे कळलं होतं. मी फोन ठेवला, तोंड पुसलं आणि निरोप घ्यायला आतल्या दाराशी गेले.

दार ढकललं तर ते कशाला तरी अडलं. सर दाराला अगदी खेटून एका स्टुलावर बसले होते. मांडीवर वर्तमानपत्र होतं, पण त्याची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. त्यांचे डोळे मिटलेले होते.

"झालं? इतक्यात?" ते गडबडून उठले. "अजून बोलायचं असेल तर बोला की."

"सर, तुम्ही ऐकत होता?"

मी हे जरा रागानंच विचारलं. चोरून ऐकणाऱ्याला विचारतात तसं. ते परत स्टुलावर बसले. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि हातातच धरून ठेवला.

"शालन लग्न होऊन आली, तवा आमच्या घरात सगळे हसायचे तिला. आई, बहिणी. मी पण हसलो असेन. पुढं तिनं बोलणं बदललं. अशी शुद्ध बोलायची, बाई, की माझ्यापेक्षा चांगली. सबंध संसार माझ्याशी तसंच बोलली. रागावली तरी शुद्ध." त्यांनी बाहेरच्या सतरंजीकडे बोट केलं. "फक्त या रविवारी, त्या लोकांत, ती तिचं बोलायची. पण मी समोर आलो की गप. सगळेच गप. मग मी इथं बसायला लागलो. पेपर तपासतोय म्हणायचं आणि ऐकायचं. कशी हसायची ओ ती! माझ्यासमोर कधीच तशी हसली नाही. माझ्या बायकोचं खरं बोलणं मी एवढंच ऐकलंय बगा, दाराआडून."

मी मागे वळून बाहेरच्या खोलीकडे बघितलं. इतका वेळ ज्या खुर्च्यांचा मला राग आला होता, त्या त्यांनी एकट्यानं उघडून ओळीनं मांडल्या होत्या. दर महिन्याला मांडत होते. कुणी यावं, दोघं तरी यावीत, आपापसांत बोलावीत, आणि आपण इथे आत बसावं.

"तिला कधी सांगितलं नाहीत?"

"काय सांगणार? सांगितलं असतं तर तेवढं पण बंद केलं असतं तिनं." त्यांनी चष्मा घातला. "उद्या जाणार म्हणालात."

"तुम्हाला कळलं ते?"

"समजतं सगळं. बोलता येत नाही." ते उठले, माझ्याबरोबर फाटकापर्यंत आले. जाऊ नका म्हणाले नाहीत. फक्त एवढंच म्हणाले, "मी येणार होतो बुधवारी. असू द्या. घरी सगळ्यांना नमस्कार सांगा."

सोमवारी सकाळची एस.टी. सुटली तेव्हा मी हॉस्टेलच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होते. बॅगेतून काढलेले. मी ठरवून थांबले असं नाही. मला बॅग उचलवलीच नाही, एवढंच मी सांगू शकते.

बुधवारी तीनला सभागृहात वीस-पंचवीस माणसं असतील. बिडवेमॅडम पुढे, अनंत जाधव आणि त्याची मंडळी मागे. सर कुठेही दिसले नाहीत. मी प्रत्येक रांग पुन्हा पुन्हा बघितली. बाहेर स्नेहसंमेलनाच्या तालमी चालल्या होत्या, ढोलकीचा आवाज आत येत होता.

"दार लावून घ्या हो," मॅडमनी शिपायाला सांगितलं.

मी सुरुवात केली. मनात तपासून, हेल काढून, एकेक शब्द जपून. खारफुटीची व्याख्या, लॅटिन नावं, तक्ते. लोक जांभया देऊ लागले. मलाही माझा आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटत होता. सर ऐकायला बसतात ते दाराआड, हे तेव्हा एकदम माझ्या लक्षात आलं, आणि मी वाक्य अर्धंच सोडलं.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, ते दार उघडं राहू दे."

"अगं, बाहेर गोंगाट आहे."

"असू दे. मी मोठ्यानं बोलते."

शिपायानं दार उघडलं. व्हरांड्यातल्या बाकाचं फक्त टोक दिसत होतं आणि त्या टोकावर घडी न मोडलेलं वर्तमानपत्र. शेजारी सदऱ्याची एक बाही.

मी कागद बाजूला ठेवले. म्हटलं, आमच्या घरामागे खाडी आहे आणि खाडीत तिवर आहे. लहानपणी आम्ही त्याची पानं जिभेला लावून बघायचो. खारट लागतात. नकोसं झालेलं मीठ ते झाड पानांवाटे बाहेर टाकतं. बोलता बोलता हेल आले, मी येऊ दिले. मागच्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं, तेही होऊ दिलं.

"आणि चिखलातसून वर इलेली ही बारकी मुळां," मी दाराकडे तोंड करून, ढोलकीच्या वर आवाज चढवून म्हणाले, "भरती इली काय पाण्याखाली जातत. सुकती लागली काय परत वर श्वास घेतत."

"सुकती म्हणजे?" अनंत जाधवनं विचारलं. या वेळी तो हसत नव्हता.

"ओहोटी," मी म्हणाले. "आमच्याकडे सुकती म्हणतत."

बाहेरच्या बाकावरची बाही हलली. वर्तमानपत्र उचललं गेलं, आणि तो हात सावकाश बाकाच्या पाठीवर टेकला. सर नीट ऐकायला बसले होते.